पिठाचं वजन, भाकरीचं वजन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. लेथवरनं उतरलेला जॉब माझ्या टेबलावर येतो, मी मायक्रोमीटर लावतो आणि पास की रिजेक्ट ते सांगतो. तेवीस वर्षं झाली. वीस मायक्रॉन (मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले वीस) इकडे-तिकडे झालेले साहेबांच्या बोटाला कळतात, असं नवीन पोरं म्हणतात. कळत नाहीत, पण मी त्यांना तसं म्हणू देतो.

अशा माणसानं पाच आठवडे स्वतःच्या जेवणाचं माप चुकीचं घेतलं, हे शॉपमध्ये मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय, कारण आमच्या शॉपमधलं कुणी एवढं लांब वाचत बसणार नाही.

सुरुवात रिपोर्टापासून झाली. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१. मधुमेह ६.५ पासून धरतात आणि ५.७ च्या खाली असलात तर निवांत झोपा. मी मधल्या पट्टीत, फाटकाशी चपला काढून उभा. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, साडेतीस. आपल्याकडच्या लोकांना डॉक्टर २३ पासून जादा आणि २५ पासून लठ्ठ धरतात, कारण आपलं पोट लवकर सुटतं आणि त्यामागोमाग साखर. त्या हिशोबानं मी ६५ किलोचा असायला हवा. ६५ किलोचा मी शेवटचा स्वतःच्या लग्नात होतो, आणि त्या फोटोतसुद्धा सफारीत अजून एक माणूस मावेल असं दिसतं.

आमच्या डॉक्टर बाई व्यवहारी. ६५ चं नावही काढू नका म्हणाल्या. "आधी ऐंशीला या. सात टक्के. पुढचं पुढं." हे सात टक्के कुठनं आले ते मी नंतर वाचलं. मधुमेह टाळता येतो का, हे बघायला अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २००२ साली आले. सात टक्के वजन उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला, हे लक्ष्य ज्या गटाला दिलं होतं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. सात टक्के म्हणजे माझे सहा किलो.

पण किती खायचं, हे विचारायचं राहिलं. बाहेर वीस पेशंट बसलेले. जरा कमी खा, जरा चाला, म्हणाल्या. 'जरा' हे माप माझ्या टेबलावर चालत नाही.

म्हणून घरी येऊन आकडा मीच काढला. १९९० साली मिफ्लिन आणि सेंट जिओर या मंडळींनी बसवलेलं एक सूत्र आहे. वजनाचे किलो गुणिले दहा, उंचीचे सेंटिमीटर गुणिले सव्वासहा, दोन्हींची बेरीज करायची आणि त्यातनं वयाची पाचपट काढायची. पुरुष असेल तर पाच मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. माझे ८६० अधिक १०५०, वजा २३०, अधिक ५. झाले १६८५. दिवसभर अंथरुणात पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, लिव्हर, मूत्रपिंडं चालू ठेवायला एवढ्या कॅलरी जळणार. (खरं तर किलोकॅलरी. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला लागते तेवढी उष्णता. पण पाटीवर बेळगावी आणि तोंडात बेळगाव, तसंच पाकिटावर किलोकॅलरी आणि तोंडात कॅलरी. आम्हाला त्याची सवय आहे.)

इथपर्यंत सूत्र कसं नेमकं वाटतं. पुढची पायरी मात्र बघा. खुर्चीतल्या माणसानं याला १.२ नं गुणायचं आणि थोडं हिंडणाऱ्यानं १.३७५ नं. पहिल्यानं २०२२ येतात, दुसऱ्यानं २३१७. तीनशेचा फरक, दीड भाकरीचा, आणि तो ठरणार मी स्वतःला कोण समजतो त्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता काढून बघितला, तर त्यात ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला २११०, मध्यम कष्टाला २७१० आणि जड कष्टाला ३४७०. फाउंड्रीत मोल्डिंगला असलेला माणूस आणि मी कँटीनमध्ये एकाच पातेल्यातला भात घेतो, शेजारी बसून खातो, आणि तो माझ्याकडं बघून म्हणतो, "साहेब, तुमचं पोट बरं सुटलंय, आमचं काय सुटत नाही." सुटणार कसं?

मी १.२ घेतला. त्यातनं रोजचे ५०० वजा केले, कारण किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात आणि रोज पाचशेची तूट ठेवली की आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन उतरतं, निदान कागदावर. उरले १५२२. ते मी १५०० केले. वजन उतरवायला बसलेला माणूस आकडा कधी वरच्या बाजूला गोल करत नाही. पुरुषानं डॉक्टरांच्या नजरेबाहेर १५०० च्या खाली आणि बाईनं १२०० च्या खाली जाऊ नये, असंही वाचलं होतं. म्हणजे मी अगदी कडेला, पण टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत. बरं वाटलं.

मग एक ग्रॅम दाखवणारा काटा आणला. आईनं तव्यावरनं भाकरी काढली की पहिली काट्यावर. शंभर ग्रॅम. मोबाइलवरच्या कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये 'ज्वारी, शंभर ग्रॅम' टाकलं की ३४० च्या आसपास आकडा यायचा. दिवसाच्या दोन भाकऱ्या म्हणजे ६८०. भाताची छोटी मूद शंभर ग्रॅम, 'तांदूळ' टाकलं की ३५०. झाले १०३०. उरलेल्या पावणेपाचशेत चहा, आमटी, भाजी, ताक सगळं बसवायचं. मग भाजी बिनतेलाची, चहा बिनदुधाचा, आमटीचं वरचं पाणी. हिनं माझ्यासाठी वेगळी कढई काढली आणि ती रोज आदळून ठेवायला लागली. एवढ्यात लोक जगतात कसे, असा प्रश्न मला पडायचा, पण आकडा जुळत होता. वही स्वच्छ होती.

वजन धडाधड उतरलं. पहिल्याच आठवड्यात दोन किलो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते आणि तिनं धरून ठेवलेलं पाणी तिच्याबरोबर बाहेर पडतं. हे मला माहीत होतं, तरी मी शेजाऱ्यांना सांगत सुटलो. पाच आठवडे संपले तेव्हा ७९.८. डॉक्टर बाईंचा ऐंशीचा आकडा गाठून वर दोनशे ग्रॅम शिल्लक.

दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं तेही सांगतो. भर मार्चमध्ये मी स्वेटर घालून बसायचो. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं. मुलावर कारण नसताना ओरडलो, दोनदा. रात्री अंथरुणात मोबाइलचा आवाज बंद करून मटणाच्या ताटांचे व्हिडिओ बघायचो. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, त्यात बुडवलेली भाकरी. "अहो, झोपा की आता," ही म्हणायची, आणि मी दुसरी भाकरी बुडेपर्यंत थांबायचो. एकदा रेल्वे गेटला गाडी लावून उभा होतो, गेट उघडलं, मी उठून किक मारली आणि डोळ्यांपुढं काळोख आला. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली ती लांबनं आल्यासारखी ऐकू आली.

पण मला हलवलं ते बुशांनी. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात बसतो ती धातूची नळी. एका शनिवारी दुपारी बारा बुश तपासले, बारा पास केले. आठवड्यानं बाराही परत आले. सगळ्यांचं बोर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज. वाचलेला आकडा मी स्वतःच्या हातानं शीटवर लिहिला होता, मर्यादा त्याच ओळीत छापलेली होती, आणि पुढं 'ओके' माझंच. तेवीस वर्षांत चुका झाल्या नाहीत असं नाही, पण आकडा आणि मर्यादा शेजारी-शेजारी दिसत असून दोन्हींचा संबंध डोक्यात लागला नाही, असं कधी झालं नव्हतं. मॅनेजर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?"

डॉक्टर बाईंनी आडवं झोपवून बीपी बघितलं, मग उभं करून. वरचा आकडा वीसनं पडला. "किती खाता?" पंधराशे, म्हणालो. "पंधराशेवर तुमचं वजन एवढं उतरायला नको. वही आणा." वही त्यांनी दोन मिनिटं चाळली आणि परत दिली, त्यात चूक त्यांना सापडली नाही, पण पटलीही नाही. एवढ्या घाईत वजन उतरलं की पित्ताशयात खडे होतात, म्हणाल्या. आणि, "सहा किलो गेले म्हणता, त्यात चरबी किती आणि मांडी किती?" मी मांडीकडं बघितलं. पँट ढगळ होती, त्याचा मला इतके दिवस आनंद होत होता.

चूक आईनं सांगितली. मी ओट्यापाशी उभा राहून पुन्हा भाकरी काट्यावर ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, शंभर ग्रॅम ज्वारी, तीनशे चाळीस. ती पीठ मळत होती. हात तसाच परातीत ठेवून माझ्याकडं बघितलं.

"ज्वारी कुठली शंभर? त्यात पाणी न्हाय काय?"

आधणाचं पाणी. पिठात ओतलेलं, तव्यावर वरनं फिरवलेलं. वाफ होऊन जाईल तेवढं जातं, बाकीचं भाकरीतच राहतं, म्हणून तर ती मऊ. पाण्याला कॅलरी नसते. मी तिला मूठभर पीठ आधी काट्यावर टाकायला लावलं. ६२ ग्रॅम. त्याची भाकरी झाली, पुन्हा काट्यावर. १००. म्हणजे ३४० लिहिलेली प्रत्येक भाकरी २१० ची होती. भाताचंही तसंच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात तांदूळ असतो छत्तीस-सदतीस ग्रॅम, म्हणजे १३० कॅलरी, आणि मी लिहीत होतो ३५०. दोन भाकऱ्यांचे २६०, भाताचे २२०. पंधराशे लिहून मी खात होतो हजारावर वीस. आमच्या भाषेत डेटम चुकला. माप कुठून घ्यायचं ती जागाच चुकली की पुढं मायक्रोमीटर कितीही चांगला असो, सगळे आकडे सारखेच खोटे येतात आणि सारखे येतात म्हणूनच खरे वाटतात.

त्या दिवशी मी चेकाळल्यासारखा आईच्या मुठी मोजल्या. दहा भाकऱ्यांचं पीठ, दहा वेळा काट्यावर. ६२, ६१, ६३, ६०, ६२... नऊ भाकऱ्या साठ ते चौसष्टमध्ये. डोळ्यांनी न बघता, बोलत-बोलत. ही टॉलरन्स हाताला यायला आमच्या पोरांना चार वर्षं लागतात. दहावी मात्र ३८. "ती माझी," आई म्हणाली. मी वहीत ३८ लिहिलं आणि पुढं गेलो.

त्याच सुमारास मिनेसोटाचा प्रयोग वाचनात आला. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, उपाशी युरोपला पुन्हा जेवायला कसं घालायचं हा प्रश्न होता. १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजनं जवळजवळ पावपट उतरली. त्यांना थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, आणि काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. माझे मटणाचे व्हिडिओ म्हणजे तेच. गंमत अशी की त्यांना रोज मिळत होत्या १६०० च्या आसपास कॅलरी, आणि आज कुठल्याही आहाराच्या तक्त्यात हा आकडा अगदी सोज्वळ दिसतो. पण ते आधीच सडपातळ होते, आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालत होते आणि त्यांची गरज होती याच्या दुप्पट. तोच आकडा त्यांना उपासमार, माझ्यासारख्या बैठ्या पोटवाल्याला पोटभर नाही तरी पुरेसा.

म्हणून शेजारचे मामा जेव्हा म्हणाले, "मला पण तुझा आकडा दे की, मी पण चालू करतो," तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. मामा इन्सुलिन घेतात. जेवण निम्मं आणि सुई तेवढीच ठेवली तर साखर खाली जाऊन माणूस रस्त्यात पडतो. आधी डॉक्टरांकडं जा, डोस बदलून घ्या, मग भाकरीला हात लावा. मामांना राग आला. मी आकडा लपवतोय असं त्यांना अजून वाटतं.

मग मी नव्यानं सेटिंग लावलं. नवीन जॉबला पहिला कट कुणी फायनल घेत नाही; थोडं मटेरियल ठेवून ट्रायल कट घ्यायचा, मोजायचं, मग पुढं जायचं. एवढं रोज करणारा माणूस जेवणाच्या बाबतीत पहिल्याच फटक्यात फायनलला का गेला, याचं उत्तर माझ्याकडं नाही. ८० किलोला सूत्र देतं १६२५. सूत्रात स्वतःतच दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, म्हणजे एकशेसाठ. त्याला १.२ की १.३७५ हा वाद न घालता मधला आकडा धरला, २०९०. त्यातनं चारशे-साडेचारशे काढले. १६५०. पीठ कोरडं मोजायचं, तांदूळ कोरडे मोजायचे. रोज सकाळी वजन, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर. दोन आठवडे काहीच बदलायचं नाही. सरासरी आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त पडायला लागली तर अर्धी भाकरी वाढवायची. महिनाभर हललीच नाही तर अर्धी कमी.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन चढलं. ८१.७. "तुमचं मशीन उलटं फिरूलंय," ही म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजिबात आवडलं नाही. गेलेलं पाणी परत आलं होतं, एवढंच. स्वेटर मात्र ट्रंकेत गेला.

तेलाचं माप चमच्यानं जमलं नाही. फोडणीला हिचा हात कुणी धरायचा? मग डबाच मोजला. पाच माणसांना महिन्याला चार लिटर. लिटरला ९१० ग्रॅम धरले तर माणशी रोज चोवीस ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे माणशी दोनशेच्या वर. हे घरात कधी कुणी जेवण म्हणून धरलेलंच नव्हतं. आता महिन्याला तीन लिटर आणतो. वेगळी कढई माळ्यावर गेली, यामुळं घरात जी शांतता आली तिच्या कॅलरी मोजता येत नाहीत.

मे महिन्यात मेहुण्याच्या गावची यात्रा आली. आमच्या तालुक्यात गावची लक्ष्मी वर्षानुवर्षांनी एकदा बसते आणि त्या दिवशी गावात येणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक घरचं आमंत्रण असतं. मांडवाच्या दारात एकजण "जेवलासा काय?" विचारतो, पुढच्या दारात दुसरा "ऊट आतेन्री?" विचारतो, आणि दोन्ही भाषांत 'हो' हे उत्तर चालत नाही. तीन घरी जेवलो. मटण, भात, वर कुंदा. वहीत त्या दिवशी 'यात्रा' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी उपासही केला नाही, पहिल्यासारखा दोन भाकऱ्यांवर आलो. त्या आठवड्याची सरासरी दोनशे ग्रॅमनं वर गेली, पुढच्या आठवड्यात परत आली.

पावसाळा लागला तेव्हा ७९.६. जे पाच आठवड्यांत केलं होतं ते आता साडेतीन महिन्यांत. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जायचो ते पावसानं बंद झालं, तर कारखान्याच्या शेडमध्येच जेवणाच्या सुट्टीत फेऱ्या मारतो. पोरं हसतात. एचबीएवनसी ५.८. अजून पट्टीतच आहे, पण खालच्या कडेला.

वजनकाटा बरोबर आहे का, हे बघायला मी घरातल्या सगळ्यांना त्यावर उभं करत असतो. परवा आईला केलं. ४३. काटा बिघडला असं वाटून मी स्वतः उभा राहिलो, मग तिला परत उभं केलं. ४३. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या कागदावर ४७ होते. चौऱ्याहत्तरीची बाई, न ठरवता चार किलो. डॉक्टर बाईंनी थायरॉइड, साखर, सगळं तपासायला लावलं. सगळं नीट निघालं. मग त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. कवळी सैल झालेली, हिरडी सोललेली. चावताना दुखतं म्हणून ती खातच नव्हती, आणि दुखतं हे सांगितलंही नव्हतं, कारण "तुझंच मोजमाप चाललेलं, त्यात माझं कशाला."

रात्री जुनी वही काढली. ३८. ती माझी. मीच लिहिलेलं, आकडा शेजारच्या नऊ आकड्यांखाली स्पष्ट दिसत असलेला. दुसरे बारा बुश.

तिचंही सूत्र मांडलं. ४३ किलो, १४८ सेंटिमीटर; ४३० अधिक ९२५, वजा ३७०, वजा १६१. ८२४. पुढं १.२ नं गुणून शेवटच्या पायरीला मी नेहमीच्या सवयीनं वजाची खूण केली होती. ती खोडली.

नवीन कवळी यायला पंधरा दिवस आहेत. तोवर दुधात कुस्करून खाते. आज तिनं परात घ्यायच्या आधी मी डब्यातलं पीठ काढायला गेलो, रोजच्या मापावर अजून एक मूठ टाकली. ती दारात उभी होती.

"कोण येणार हाय काय?" म्हणाली.